नकाशातला जिना



दिवाळीच्या सुट्टीत नात विंझरला आली होती. यंदा दहावीत आहे. स्वारगेटपर्यंत मेट्रोने आणि तिथून एसटीने एकटी आली, याचे तिला स्वतःलाच फार कौतुक. चहा होतो न होतो तोच तिने मोबाइलवर मेट्रोचा नकाशा काढून माझ्यापुढे धरला. "आजोबा, सगळ्या रेषा पट्टीने मारल्यात. प्रमाण नाही, नदीची वळणं नाहीत. तुमच्या वर्गात कोणी असा नकाशा काढला असता तर?"

"भोपळा दिला असता," मी म्हणालो आणि दोघेही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, आपण उत्तर घाईत दिले.

राजगडाला निघालेली मुंबई-पुण्याची पोरे कधीकधी मार्गासनीचा फाटा चुकून पुढे आमच्या गावात उतरतात. त्यांना मी कागदाच्या चिटोऱ्यावर नकाशा काढून देतो. मार्गासनी, साखर, गुंजवणे, मग चोर दरवाजा. चार ठिपके आणि एक सरळ रेघ. वाटेत वळणे किती, अंतर किती, यातले काही त्यात नसते. पण गुंजवण्याच्या पुढे मी बाण काढून लिहितो, "अंगावर येणारा चढ. पाणी भरून घ्या." वळणे गाळली तर कोणाचे बिघडत नाही. चढ गाळला तर ती पोरे मला अर्ध्या वाटेवरून शिव्या देतील, आणि ते योग्यच होईल.

रेल्वेचा नकाशा असा सरळ करण्याची युक्ती लंडनच्या हॅरी बेकची. हा साधा ड्राफ्ट्समन. त्याने १९३१ साली भुयारी रेल्वेचा नकाशा काढला तो फक्त आडव्या, उभ्या आणि तिरप्या रेषांनी. जमिनीवरच्या खुणांपैकी एकटी थेम्स नदी ठेवली. साहेबांनी आधी नाकारला, पण १९३३ मध्ये छापून लोकांच्या हाती गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. गाडीत बसलेल्या माणसाला वळणाशी काय देणेघेणे? कुठे चढायचे, कुठे बदलायचे आणि कुठे उतरायचे, एवढेच त्याला हवे असते. आपल्या मुंबईच्या लोकलचा रेषांचा नकाशा पाहा. चर्चगेट ते मरीन लाइन्स हे अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर, विरार ते वैतरणा आठ किलोमीटरहून जास्त. अशा नकाशात दोन्हीकडे ठिपक्यांमधली जागा सारखीच. त्यात मला काही गैर वाटत नाही.

मग गैर कशात वाटते? त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. घरातल्यांना ती पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

१९९४ साली आमचे दादा परळला केईएममध्ये होते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन म्हणून मी आणि सौ. आदल्या रात्री बोरिवलीला मेहुण्यांकडे मुक्कामाला गेलो. सकाळी मेहुणे कामावर गेले होते. माझ्याजवळ एक खिशातली डायरी होती, तिच्या शेवटच्या पानावर लोकलचा नकाशा. भूगोलाचा मास्तर मी, कोणाला विचारायचे कशाला? नकाशात परळ मध्य रेल्वेवर, आम्ही पश्चिम रेल्वेवर, आणि दोन्ही रेषा एकत्र येतात त्या दादरला. म्हणून दादरला उतरलो. त्या पुलावर सौ. गर्दीत मागे राहिली. ती सापडेपर्यंत दोन गाड्या गेल्या. शेवटी परळला उतरून जिना चढलो, तर समोरून माणसांचा लोंढा येत होता. एकाला विचारले, "हे लोक कुठून येतात?" तो म्हणाला, "एल्फिन्स्टनहून. बोरिवलीहून आलात ना? मग स्लो गाडीने सरळ तिथेच उतरायचं, पूल ओलांडला की परळ!"

डायरीतल्या नकाशात एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांच्यामध्ये चांगली बोटभर कोरी जागा होती. आम्ही पोचलो तेव्हा दादांना आत नेले होते. भेट झाली ती ऑपरेशननंतर. सुदैवाने दादा त्यातून बरे झाले आणि पुढे कितीतरी वर्षे "काय मास्तर, तुमचा नकाशा काय म्हणतो?" म्हणून मला चिडवत राहिले. पण त्या सकाळी बाहेरच्या बाकावर बसून काढलेले तास मी विसरलेलो नाही.

२९ सप्टेंबर २०१७ ला त्याच एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. नकाशामुळे ती घडली असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. पण माझ्या डायरीत जिथे कोरी जागा होती, तिथून रोज हजारो माणसे जात होती, हे त्या दिवशी फार लागले. २०१८ पासून त्या स्थानकाचे नाव प्रभादेवी आहे.

तर सांगायचा मुद्दा असा, की नकाशाने अंतर खोटे दाखवले तर चालेल, पण माणसाच्या पायांना पडणारे कष्ट लपवू नयेत. पुण्यात जिल्हा न्यायालय स्थानकावर दोन मार्ग मिळतात. नकाशात तिथे एक छोटे वर्तुळ असते. प्रत्यक्षात एक गाडी जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आणि दुसरी रस्त्याच्या वर पुलावर. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, सोय चांगली आहे. पण माझ्या वयाच्या माणसाला हे घरून निघतानाच कळायला हवे. नावाचेही तसेच. नाशिक फाट्यावरच्या स्थानकाला सुरुवातीला भोसरी नाव दिले होते. भोसरी गाव तिथून दूर. नवखा माणूस नावावर विश्वास ठेवूनच उतरणार ना?

कोणी म्हणेल, आता मोबाइल सगळे सांगतो, नकाशा बघतो कोण? पण मनात शहर बसते ते नकाशातूनच. झान गुओ नावाच्या अभ्यासकाने २०११ मध्ये लंडनच्या प्रवाशांबद्दल हेच दाखवले, की रस्ता निवडताना प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशातल्या लांबीचा प्रभाव जास्त पडतो. रोजचे प्रवासीही त्याला अपवाद नव्हते. म्हणजे १९९४ चा मी एकटाच वेडा नव्हतो! लंडनवाल्यांनी २०१५ मध्ये याच नकाशाची एक आवृत्ती काढली, तिच्यात दोन स्थानकांमध्ये चालत किती मिनिटे लागतात ते लिहिले. रेषा सरळच ठेवल्या, फक्त आकडे घातले.

आपल्याकडेही एवढेच करावे. जिथे पूल ओलांडून दुसरे स्थानक गाठता येते तिथे तुटक रेघ आणि मिनिटे. जिथे गाडी बदलायची तिथे जिना किंवा लिफ्टचे चिन्ह. आणि नाव त्या जागेचेच. यासाठी नवा रूळ टाकावा लागत नाही, शाई तेवढी लागते.

नात परत निघाली तेव्हा तिला म्हणालो, "तो भोपळा रद्द. दहापैकी सात." तिने विचारले, "आणि तीन कशाचे कापले?"

"जिन्याचे."

असो. तुमच्याही शहरात नकाशात नसलेली अशी एखादी पायवाट असेल, तर जरूर कळवा.