गाडीची टाकी

गेल्या ईदला अब्बांना घेऊन फुफूच्या गावी निघालो, तेव्हा मागच्या सीटवरून धाकटीने नाक दाबले. "अब्बू, पेट्रोलचा वास!" मी काचा खाली केल्या आणि विषय संपवला. चूक तिथेच झाली. दोन दिवसांनी वास गेला, म्हणून मीही विसरलो. पुढच्या वेळी टाकी फुल्ल केली आणि वास परत हजर.

आमची गाडी मारुती 800, 2004 सालची. अब्बांनी रिटायर झाल्यावर घेतली. दोनदा रिपासिंग झाले आहे. 22 जुलै 2021च्या चिपळूणच्या पुरात ती खिडक्यांपर्यंत बुडाली होती. इंजिन उघडून साफ केले, सीटा वाळवल्या, पण टाकीच्या वरच्या अंगाला आणि गाडीच्या पत्र्याला मध्ये जी फट असते, तिथला चिखल कोणी काढलाच नाही. तो ओल धरून बसला आणि वरचा जोड गंजला. टाकी अर्धी असली की पेट्रोल तिथवर पोहोचत नाही. भरली की पाझरते. वास येण्या-जाण्याचे गणित एवढेच होते.

पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितले, "सर, रिकामी करून गॅस वेल्डिंग मारतो, तासाभराचे काम." आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील जुने मेकॅनिक. त्यांनी हे ऐकले आणि मला अक्षरशः थांबवले. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा मिसळून राहते. ठिणगी पडली की टाकीचा बॉम्ब होतो. धुऊन-वाळवून वेल्डिंग करणारे असतात, पण ते त्या कामातलेच लोक. शिवाय एक जोड गंजलाय म्हणजे शेजारचाही गंजलेला असणार. लांबी भरून दाबणे तर विचारूच नका.

नवी टाकी विचारली. या गाडीचे उत्पादन जानेवारी 2014 मध्येच थांबले. आमच्या इथल्या दुकानात टाकी नव्हती. म्हणून कुर्ल्याला गेलो. पश्चिमेला सी. एस. टी. रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स, सगळे रस्त्यापर्यंत. जुनी टाकी सोबत न्यावी असे वाटले होते, पण पेट्रोलचा वास मारणारी टाकी रेल्वेत नेता येत नाही. फोटो घेऊन गेलो.

पहिल्याच दुकानदाराने विचारले, "मास्टरजी, कार्बोरेटरवाली की एमपीएफआय?" बीएड झालेला मी गप्प! 800 म्हणजे 800, त्यात काय वेगळे, अशी माझी समजूत. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनजवळ असतो. टाकीत फक्त काट्याचा फ्लोट. एमपीएफआयमध्ये पंप टाकीच्या आतच बसतो, म्हणून वर मोठे गोल तोंड लागते. बाहेरून दोन्ही सख्ख्या बहिणी, पण एकीचा पंप दुसरीत बसत नाही. चिपळूणला फोन लावून फोटोतले तोंड दाखवून खात्री केली. नळ्या किती आणि कुठल्या बाजूला, भरायच्या पाइपचे तोंड केवढे, पट्ट्यांच्या जागा कुठे, हे सगळे मेकॅनिकसाहेबांनी वहीत लिहून दिले होते. मोजपट्टी लावून जुळवले.

एका ठिकाणी टाकी स्वस्त होती, पण पावती द्यायला तयार नाही. ती कुठल्या गाडीतून निघाली हेही सांगेना. सोडली. दुसरीकडे 2,500 सांगितले, 1,800ला दिली, पावतीसह. पैसे देण्याआधी टॉर्च मारून आत पाहिले. (टॉर्चच, काडेपेटी नव्हे. हसू नका, काडी पेटवून बघणारे मी पाहिले आहेत.) तळाला गंजाचे पोपडे नव्हते. जोडाला पेचकसाचे टोक दाबून पाहिले, पत्रा बसला नाही. वरच्या कडेला वाळलेला गाळ आहे का, हेही पाहिले. पुरातली गाडी फक्त आमचीच नसते.

टाकी मेव्हण्याच्या टेम्पोतून आली. मेकॅनिकसाहेबांनी तोंडे बंद करून, अगदी थोडी हवा भरून साबणाचे पाणी लावले; बुडबुडा नाही. मग बॅटरीची वायर काढून, मोकळ्या अंगणात काम केले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते, म्हणून खड्ड्यावर गाडी घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. पंप आमचाच ठेवला; रबरी नळ्या आणि पंपाखालचे पॅकिंग मात्र नवे. आधी पाच लिटर, खाली पुठ्ठा. पुठ्ठा कोरडा राहिला, तेव्हा पंपावर जाऊन फुल्ल केली, कारण आमचा खरा आजार वरच्या जोडाचा होता. रात्रभर पुठ्ठा तसाच. फजरनंतर अब्बा माझ्याआधी जाऊन वाकून बघत होते. कोरडा होता.

जुन्या टाकीतला थोडा गंज सुटून येतोच, म्हणून महिन्याभराने फिल्टर बदलायला सांगितले आहे. तेवढे काम अजून बाकी आहे.