घोरपड, जीपीएस आणि तीन दगड

मागच्या शनिवारी आमच्या टीमची सिंहगडावर ट्रेझर हंट होती. (ऑफिसात पिझ्झा मागवण्यापेक्षा बरं, म्हणून सगळे तयार!) आतकरवाडीतून चढायचं, फोनवर आलेले को-ऑर्डिनेट्स गाठायचे, क्लू सोडवायचे. जिओकॅशिंगचाच देशी अवतार. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि लगेच डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये झाडीत एक बादली लपवली. खेळ तिथून सुरू झाला.

शेवटचा क्लू होता, 'जिथे यशवंती चिकटली'. हे तर शेंबडं पोरही सांगेल. तानाजीकडा! धावत सुटलो. को-ऑर्डिनेट्स मात्र एका पडक्या तटापाशी थांबले. फोनचं जीपीएस म्हणजे चार-पाच मीटर इकडेतिकडे होणारच. मग काय, दगड उचकटणं सुरू. तिसऱ्या दगडामागे प्लास्टिकचा डबा. जल्लोष, सेल्फी वगैरे. दगड हलवणारे हात माझेच होते, हे आधीच कबूल करतो.

मडक्यातलं दही विकणाऱ्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "गावलं न्हवं? मग ठिवा की दगड जागच्या जागी."

ठेवायला गेलो तर बसेनात. ज्याने कोणी ते रचले, त्याला जमलं ते आम्हा पाच इंजिनिअरांना जमलं नाही.

गुप्तधनासाठी गड खणणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं सांगणारा १८७८ चा कायदा आहे. आमच्या डब्यात चॉकलेटं होती, तेव्हा ती भानगड नाही. पण दगड हलवणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट, तटाला काय फरक पडतो?

म्हणून माझं मत असं, की गडावर खेळ जरूर खेळा, पण लपवू काहीच नका. बघायला लावा. उदा. कल्याण दरवाज्यावरच्या शिलालेखातला शक शोधा. उत्तर १६७२. तानाजी पडले १६७० मध्ये, म्हणजे दोनच वर्षांनी? नाही हो! शक १६७२ म्हणजे इ.स. १७५०. पूर्ण ऐंशी वर्षांचा फरक. हा क्लू सोडवायला एकही दगड हलवावा लागत नाही.

आणि घोरपड? ती दंतकथा आहे, मान्य. पण तिच्याच ओढीने आम्ही कड्यापर्यंत धावत गेलो. वाईट इतकंच वाटतं, की तिथे पोचल्यावर एकानेही खाली डोकावून पाहिलं नाही. रात्रीच्या अंधारात हा कडा चढणं म्हणजे काय, हा विचारही मनात आला नाही.

सगळे डबा शोधत होतो.