पंख्याच्या शेगडीला वारा किती द्यावा?



परवा एका घरी गेले होते. ओसरीवर पंख्याची शेगडी पेटलेली होती. हीत भुसा, भुईमुगाची टरफले दाबून केलेल्या कांड्या जाळतात; बाजारात त्यांना पेलेट म्हणतात. पातेल्याच्या चहूबाजूंनी जाळ वर येत होता. भात खालून करपला आणि वरून कचवट राहिला. वहिनी वैतागून म्हणाल्या, "ही शेगडी म्हणजे खाणारं तोंड आहे. कांड्या संपतात, स्वयंपाक अर्धाच!" मी बटण पाहिले, तर ते शेवटपर्यंत फिरवलेले. शेगडी बिघडलेली नव्हती. वारा जास्त झाला होता.

२००६ च्या सुमारास आपल्याकडच्या खेड्यांत अशा शेगड्या विकल्या गेल्या. पुढे कांड्या महागल्या आणि कित्येक घरांत ती माळ्यावर गेली. पण ज्यांच्याकडे ती आहे आणि कांड्या मिळतात, त्यांनी पंख्याचे गणित समजून घ्यावे.

तुम्ही फुंकणी वापरली आहे. हळू फुंकले की निखारा फुलतो. जोरात फुंकले की राख उडते आणि जाळ विझतो. पंखा म्हणजे न दमणारी फुंकणी. त्याचा थोडा वारा खालून कांड्यांत शिरतो. त्याने कांड्या तापून धूर सोडतात. बाकीचा वारा वरच्या भोकांतून येतो आणि तो धूर पेटवतो. म्हणजे इतर चुलीत डोळ्यांत जाणारा धूर इथे भांड्याखाली जळतो.

आता करायचे कसे, ते पाहा. कांड्या वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भरा. भोके झाकली की धूर झालाच. वर बारीक ढलप्या ठेवून पेटवा आणि पंखा अगदी हळू ठेवा. जाळ सगळीकडे धरला की मग वाढवा. पेटत्या शेगडीत रॉकेल कधीही ओतू नका.

आधण येईपर्यंत पंखा मोठा ठेवा, तांदूळ वैरून उकळी आली की कमी करा. भाकरीला तवा तापेपर्यंत मोठा, पुढे मध्यम. दूध, वरण मंद आचेवर. एक लक्षात ठेवा, ही शेगडी गॅससारखी लगेच ऐकत नाही. बटण फिरवल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा, मगच पुन्हा हात लावा.

जाळ भांड्याच्या बुडाखाली राहिला तर वारा बरोबर. बाजूने वर चढला, ठिणग्या उडू लागल्या तर कमी करा. धूर आणि काजळी आली तर शेगडी गार झाल्यावर भोके तारेने मोकळी करा, पंख्यावरची राख झटका. कांडीही तपासा. मोडताना 'कट्' आवाज यावा. बोटांत भुगा झाला तर ती दमट आहे. पावसाळ्यात कांड्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

खर्चाचेही बघा. सुक्या कांडीच्या एका किलोत साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता असते, गॅसच्या एका किलोत सुमारे ११,०००. म्हणजे एक किलो गॅसला निदान तीन किलो कांड्या धराव्या लागतात. एक आठवडा कांड्या वजन करून घाला आणि एका भरतीवर काय काय शिजले ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात पंखा आवरून तेच करा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

मध्येच पंखा बंद पडला तर दाट धूर येतो. पेटती शेगडी उचलून पळू नका. दारे-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. बॅटरीची शेगडी असेल तर ती आदल्या दिवशीच भरून ठेवा.

आणि शेवटचे, पण सर्वांत मोठे. जाळ संपला की तळाशी लाल निखारे उरतात. धूर दिसत नाही, म्हणून शेगडी निरुपद्रवी वाटते. थंडीत "आजीला ऊब होईल" म्हणून ती खोलीत नेऊन दार लावून घेणारी घरे मी पाहिली आहेत. बायांनो, असे कधीही करू नका! निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. कुणाचे डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि मग दवाखान्यात न्या.

आजीला गोधडी द्या, गरम पाण्याची पिशवी द्या. शेगडी मात्र विझेपर्यंत ओसरीवरच राहू द्या.