शक्तिमानचा सातबारा कुणाच्या नावावर?

शक्तिमानची भूमिका मुकेश खन्नांशिवाय दुसऱ्या कुणी करावी का, यावर चाळिशीतली माणसं ज्या तावातावाने भांडतात, त्याच तावाने ती पोरांच्या शाळेत गणिताला शिक्षक नाही म्हणून भांडली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

झालं ते असं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर चित्रपट काढणार असल्याचं जाहीर केलं. पुढे नायक म्हणून रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं. मार्च २०२४ मध्ये मुकेश खन्नांनी उघडपणे विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, कितीही मोठा स्टार असला तरी अशी प्रतिमा असलेला माणूस शक्तिमान होऊ शकत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साठी ओलांडलेल्या खन्नांनी स्वतःच पुन्हा तो पोशाख अंगावर चढवला. आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हापासून हा विषय निघाला की तेच सुरू होतं. "शक्तिमान एकच." "आमचं बालपण बिघडवू नका." मध्येच कुणीतरी रडक्या चेहऱ्यांची रांग टाकतो.

रणवीर सिंग शोभेल की नाही, यात मला काडीचा रस नाही. माझा प्रश्न सातबाऱ्याचा आहे. शक्तिमान ही जमीन नक्की कुणाच्या नावावर आहे? ज्याने ती भूमिका पहिल्यांदा केली त्याच्या? की लहानपणी जे समोर बसून बघत होते त्यांच्या? माझं उत्तर आहे, दोघांच्याही नाही.

आता, बालपण काय फक्त तुमचंच होतं असं नाही. मालिका १३ सप्टेंबर १९९७ला दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा मी सातवीत होते. कल्याणला दूधनाक्याजवळच्या आमच्या चाळीत एका खालांकडे रंगीत टीव्ही होता. रविवारी दुपारी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. अम्मी दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा लाटणं घेऊन यायची. भाग संपला की आम्ही सगळे चौकात. एक हात वर करून गरागरा फिरायचं, चक्कर येऊन कुणाच्या तरी बादलीवर आपटायचं, आणि उठून पुन्हा फिरायचं. त्यातली मजा मला आजही तशीच आठवते, म्हणून कुणी मला भावना समजावायला येऊ नये.

पण त्याच आठवणीतला दुसरा भागही सांगते. शक्तिमान कोण होणार हे ठरलेलं असायचं. ज्याच्याकडे क्रिकेटची बॅट, तो शक्तिमान. त्याचा धाकटा भाऊ किल्विष. आम्ही मुली फार तर गीता विश्वास. गीता म्हणजे मालिकेत चांगली धडाडीची पत्रकार होती, पण आमच्या चौकात तिला एकच काम असे: पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून ओरडायचं आणि कुणीतरी वाचवायला येईपर्यंत वाट बघायची. मी दोन वर्षं वाट बघितली. फिरायचं मलाही होतं.

आणि इथेच ग्रुपवरच्या मंडळींना एक गोष्ट विचारते. सुरुवातीच्या भागांत गीता विश्वास कोण होती? किटू गिडवानी. नंतर ती भूमिका वैष्णवी महंत यांच्याकडे गेली. म्हणजे तुमच्या लाडक्या मालिकेत एक प्रमुख चेहरा, मालिका ऐन भरात असताना, बदलला होता. कुणाचं बालपण बिघडलं? कुणी जेवण सोडलं? आमच्या चाळीत त्यावर पाच मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही. पुढच्या रविवारी चपलांचा ढीग तेवढाच होता. नायिका बदलली की ती 'रिप्लेसमेंट', आणि नायक बदलायचा म्हटलं की संस्कृतीवर घाला! हा हिशेब कुठल्या पुस्तकातला, तो मला एकदा दाखवा.

मुकेश खन्नांच्या अभिनयाबद्दल मला आदरच आहे. पण शक्तिमानच्या आधी ते घराघरात पोहोचले ते १९८८ ते १९९० या काळात चाललेल्या बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मधले भीष्म म्हणून. भीष्म काय पहिल्यांदा त्यांनीच केले? कोकणातल्या दशावतारापासून पारशी रंगभूमीपर्यंत किती नटांनी महाभारतातली पात्रं अंगावर घेतली, त्याची मोजदाद नाही. त्यातला एखादा म्हातारा नट तेव्हा उठून म्हणाला असता, की भीष्म माझा, हा पोरगा कोण, तर आज आपल्याला मुकेश खन्ना माहीत असते का?

त्या मालिकेबद्दल आणखी एक गोष्ट. तिचे संवाद लिहिले राही मासूम रझा यांनी. महाभारत एक मुसलमान कसा लिहिणार, अशी निषेधाची पत्रं तेव्हा आली होती. अर्जुन केला फिरोज खान नावाच्या नटाने, आणि पुढे त्याने पडद्यावरचं आपलं नावच अर्जुन करून घेतलं. आज ते महाभारत ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्यातल्या किती जणांना ही नावं खटकतात? एकालाही नाही. कारण पडद्यावर जे दिसलं ते खरं वाटलं, आणि बघणाऱ्याला तेवढंच हवं असतं. पण काम सुरू होण्याआधीच 'प्रतिमे'ची फूटपट्टी लावली असती, तर रझासाहेब दारातच अडले असते. म्हणून 'या भूमिकेला शोभणारा माणूस' असे शब्द कुणी उच्चारले की माझे कान उभे राहतात. आज त्या फूटपट्टीत रणवीर सिंग बसत नाही. उद्या कोण बसणार नाही, हे ज्यांनी ती फूटपट्टी अंगावर झेलली आहे त्यांना बरोबर कळतं.

या बाबतीत एका परदेशी मालिकेकडून शिकण्यासारखं आहे. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथेची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. काळातून प्रवास करणारा, परग्रहावरचा एक विक्षिप्त 'डॉक्टर' आणि पोलिसांच्या जुन्या निळ्या फोन-खोक्यासारखं दिसणारं त्याचं यान, एवढा तिचा मामला. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल. तीन वर्षांत त्यांची तब्येत साथ देईना. मालिका तर लोकांना हवी होती. मग लेखकांनी काय केलं? नट बदलला आणि हा बदल थेट कथेतच घेतला. या परग्रहवासीयाचं शरीर थकलं की त्याला नवं शरीर मिळतं. चेहरा वेगळा, स्वभावाचे रंग वेगळे, पण आठवणी त्याच, माणूस तोच. १९६६ मध्ये हार्टनेल गेले, पॅट्रिक ट्राउटन आले. टॉम बेकर यांनी १९७४ ते १९८१ अशी सात वर्षं काढली. १९८९ मध्ये मालिका थांबली, २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. पुढे जोडी व्हिटेकर ही बाई डॉक्टर झाली, आणि त्यानंतर रवांडात जन्मलेला एन्कुटी गटवा. पहिल्याच नटाला मखरात बसवलं असतं, तर ती मालिका १९६६ मध्येच संपली असती.

तिथेही कुरकुर झाली. २०१७ मध्ये बाई डॉक्टर होणार हे जाहीर झालं, तेव्हा पाचवा डॉक्टर झालेले पीटर डेव्हिसन म्हणाले की मुलग्यांचा एक आदर्श हरवतोय, याचं वाईट वाटतं. त्यांच्यानंतर सहावा डॉक्टर झालेल्या कॉलिन बेकर यांनी ते साफ खोडून काढलं. आपल्याकडे मात्र बेकर निघत नाहीत, सगळे डेव्हिसनच.

आणि उर्दू शिकवणारी म्हणून एक गोष्ट मला सांगायलाच हवी. त्या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित करणारा तरुण तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याचं नाव वारिस हुसेन, जन्म लखनऊचा. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचा हा मुलगा. साठ वर्षं इंग्रजांच्या पोरांना सोफ्यामागे लपायला लावणाऱ्या मालिकेचा पाया एका लखनवी पोराने घातला. तिथे तेव्हा कुणी 'शोभतो का' एवढंच विचारत बसलं असतं तर?

कुणी म्हणेल, मॅडम, हे इंग्रजांचं झालं. बरं, मराठीचं घ्या. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आलं ते डॉ. श्रीराम लागूंना घेऊन. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त असे अनेक बेलवलकर झाले. २०१६ मध्ये चित्रपटात नाना पाटेकर आले. लागूंना पाहिलेली माणसं आजही म्हणतात, लागूंची सर नाही. म्हणोत बापडी, त्यांचा तो हक्क आहे. पण ज्याने दत्ता भटांचाच बेलवलकर पाहिला, त्याच्या डोळ्यांतलं पाणी काही दुय्यम दर्जाचं नव्हतं. आणखी मागे जा. 'मानापमान'मधली भामिनी १९११ मध्ये बालगंधर्वांनी उभी केली. पुरुषाने केलेली ती नायिका म्हणजेच नायिका, असं अख्खा महाराष्ट्र मानत होता. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, आणि हळूहळू बाईची भूमिका बाईनेच करायची हा रिवाज पडला. चेहरे बदलण्याचं सोडा, आपण तर नायिका पुरुष करायचा ते बाईने करायची एवढा पल्ला मारला आहे. नाटक बुडालं नाही. आमच्या उर्दूत दास्तानगोईचंही तेच. अमर अय्यारच्या करामती सांगणारे उस्ताद किती आले न् किती गेले, अमर अय्यारची झोळी काही रिकामी झाली नाही.

सगळेच बदल चांगले असतात, असा माझा दावा नाही. कथा शिळी, पण नाव चालतं म्हणून नवा चेहरा डकवून तिकिटं विकायची, हा धंदा मलाही कळतो. उद्या शक्तिमानचा चित्रपट तसा निघाला, तर त्याला झोडपणाऱ्यांत मी पुढे असेन. पण बघून झोडपेन. नट शोभला का, हे पडदा उघडल्यावर ठरतं. आधी ठरवणं म्हणजे पेपर न तपासता मुलाला नापास करणं. आणि कुणी मन लावून भूमिका केली, तर तिला कुळकायदाच लागू करा. कसेल त्याची जमीन, तशी साकारेल त्याची भूमिका.

राहता राहिली मुलं, ज्यांच्या नावाने हा सगळा गळा काढला जातो. माझ्या वर्गातली पोरं डोरेमॉन बघतात. बावीसाव्या शतकातून आलेलं ते यंत्रमांजर. जपानमध्ये १९७९ पासून त्याला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा २००५ मध्ये थांबल्या, आणि वासाबी मिझुता आल्या. माझी पोरं तर हिंदी डबिंग ऐकतात, म्हणजे तिसराच आवाज. त्यांना डोरेमॉन खोटा वाटत नाही.

मागच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक छोटं नाटुकलं बसवलं होतं. त्यात एक उडणारा नायक होता. आयत्या वेळी तो मुलगा तापाने आजारी पडला. सहावीतल्या एका मुलीला त्याचे संवाद येत होते, म्हणून तिला उभं केलं. एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "टीचर, हिरो लडकी कैसे?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात कंबरेला ओढणी घट्ट बांधत ती मुलगीच म्हणाली, "ड्रेस तो वही है ना." आणि रंगमंचावर जाऊन अशी गरागरा फिरली, की पहिल्या रांगेतली पोरं उभी राहून ओरडायला लागली.

तेव्हा माझी चाळिशीतल्या मंडळींना एक विनंती आहे. जुने भाग आजही यूट्यूबवर सापडतात. आपल्या मुलांना एखाद्या रविवारी दाखवा, हवं तर शेजारी बसून रडा. पण भाग संपल्यावर मुलगी खुर्चीवरून उठली आणि एक हात वर करून फिरायला लागली, तर तिला गीता विश्वासची जागा दाखवू नका. फक्त तेवढी बादली बाजूला घ्या.