शहजाद्याचा शिजरा



पंधरा ऑगस्टच्या आठवडाभर आधीची गोष्ट. आठवीच्या वर्गावर आम्ही १८५७ चा धडा घेत होतो. तात्या टोप्यांचं नाव निघालं की आमच्याकडची मुलं जरा सरसावून बसतात, कारण तात्या आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, येवल्याचे. निफाडहून निघून विंचूर ओलांडलं की पुढे येवलाच. धडा संपत आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हे पोर वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही. त्याने दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला.

"सर, आम्ही शहजादा फिरोजशहांच्या खानदानातले आहोत. तात्यांबरोबर लढले होते ते."

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "मग लाल किल्ल्याची चावी तुझ्याकडंच असेल!" पोराचा चेहरा उतरला. आम्ही वर्गाला गप्प केलं आणि कागद मागून घेतला.

तो शिजरा होता. हिरवी किनार, वर उर्दूत मोठ्या अक्षरांत शहजाद्याचं नाव, खाली पिढ्यांची उतरंड आणि शेवटी या मुलाच्या वडिलांचं नाव. मधल्या ओळींत एक कहाणी होती. शहजादा १८६३ मध्ये येवल्यात आला, विणकराच्या वेषात लपून राहिला, त्याने इथेच निकाह केला आणि इंग्रजांच्या भीतीने घराण्याने खरं नाव झाकून ठेवलं. तळाला एक गोल शिक्का होता, त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं.

मधल्या सुट्टीत मुलाला जवळ बसवून विचारलं, हे कुठून आलं? आधी बोलेना. मग म्हणाला, "सर, मागच्या वर्षी एकाने मला विचारलं होतं, तुमचे लोक तेव्हा कुठं होते? मला काही सांगता आलं नाही. घरी अब्बांना विचारलं."

हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना विचारला गेला असेल. म्हणून आम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

वडील शिवणकाम करतात. समोरच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. चहा आला. ते म्हणाले, "सर, पोरानं विचारलं आणि मला माझी शाळा आठवली. मलाही तेव्हा उत्तर आलं नव्हतं." त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका ओळखीच्याने शिजरे बनवून देणाऱ्या गृहस्थाला घरी आणलं. तीन हजार रुपये घेऊन हा कागद मिळाला. आता आणखी पाच हजार द्यायचे होते. 'वारस पेन्शनची फाइल' दिल्लीला जाणार होती, सोबत घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती.

पहिल्यांदा आम्ही पेन्शनचं सांगितलं. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन १९७२ पासून आहे. ती प्रत्यक्ष लढ्यात असलेल्यांना मिळते आणि त्यांच्या मागे पती किंवा पत्नी, अविवाहित मुली, आईवडील अशा मोजक्या आश्रितांना. दीडशे वर्षांपूर्वीच्या लढवय्याच्या सहाव्या पिढीला या योजनेत जागा नाही. तेव्हा पाच हजार देऊ नका आणि आधारच्या प्रती तर मुळीच देऊ नका.

"आणि शहजादा?" त्यांनी विचारलं. त्यांना पैशांपेक्षा या उत्तराची जास्त आस होती, हे आवाजावरून कळत होतं.

फिरोजशहा खरेच होते. मुघल घराण्यातले शहजादे. हजहून परतले आणि १८५७ मध्ये मंदसोरला उठावाचे पुढारी झाले. तात्या आणि ते एकत्र लढले हेही खरं. एप्रिल १८५९ मध्ये पकडले गेल्यावर तात्यांनी जी जबानी दिली, तिच्यात फिरोजशहा इंद्रगडला येऊन मिळाल्याचं सांगितलं आहे. येवल्याचा ब्राह्मण आणि दिल्लीचा शहजादा एका फौजेत होते. याला गुप्त शिजऱ्याची गरज नाही, इंग्रजांच्या दप्तरात ते लिहून ठेवलेलं आहे.

पण पुढचं कागदाशी जुळत नाही. १८५९ नंतर फिरोजशहा हिंदुस्थानाबाहेर गेले. अफगाणिस्तान, बुखारा, इराण, इस्तंबूल अशी वणवण करत ते मक्केला पोहोचले आणि १८७७ मध्ये तिथेच वारले. म्हणजे शिजरा त्यांना येवल्यात मागावर बसवतो, तेव्हा ते देशातच नव्हते.

अशा कहाण्या सगळीकडे आहेत. खुद्द तात्यांना १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी झाली. तरी फासावर दुसराच माणूस गेला, तात्या साधू होऊन पुढे कितीतरी वर्षं जगले, असं सांगणारे आजही भेटतात. नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत गेले ते परत दिसलेच नाहीत. त्यांच्यावर एक लाखाचं इनाम होतं, त्यामुळे जागोजागी 'नानासाहेब' सापडू लागले. १८७४ मध्ये शिंद्यांनी ग्वाल्हेरला असाच एकजण पकडून इंग्रजांच्या हवाली केला. कानपूरला नेऊन ओळख पटवली तेव्हा तो दुसराच कुणी निघाला. बादशहा बहादूरशहा जफर १८६२ मध्ये रंगूनला वारले. इंग्रजांनी मुद्दाम कबरीची खूण ठेवली नाही. खरी कबर १९९१ मध्ये खोदकाम चालू असताना सापडली. ज्याचा शेवट लोकांनी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या कबरीवर माती पडत नाही, गोष्टी पडत राहतात.

आणि त्या गोष्टींवर माणसं आयुष्यं काढतात. बेगम विलायत महल यांनी आपण अवधच्या नवाबाच्या पणती असल्याचं सांगत मुलांसह कित्येक वर्षं नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर मुक्काम ठोकला होता. सरकारने १९८५ मध्ये त्यांना जंगलातला मालचा महल दिला. ना वीज, ना पाणी. शेवटचा मुलगा २०१७ मध्ये तिथेच एकटा वारला. दोन वर्षांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराने शोध घेतला तेव्हा कळलं की हे फाळणीत उखडलेलं एक साधं कुटुंब होतं. वडील लखनौ विद्यापीठात रजिस्ट्रार होते. त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? पण कहाणी एवढी मोठी झाली की घरच्यांना तिच्यातून बाहेर येता आलं नाही.

याउलट खरे वारस गुप्त नसतात. राणी लक्ष्मीबाईंचे दत्तकपुत्र दामोदरराव इंदूरला राहिले, १९०६ मध्ये वारले. त्यांच्या वंशजांनी 'झाशीवाले' हे आडनाव लावलं आणि चारचौघांसारखे संसार केले. जफरांच्या पणतूची विधवा हावड्याच्या एका वस्तीत राहते. तिने लाल किल्ल्यावर हक्क सांगितला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फार उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. बादशहाच्या घराण्यातली सून असूनही तिच्या घरचं छप्पर गळायचं ते गळतंच.

इथे एक कडू गोष्ट आपल्या आपल्यात बोलायला हवी. पंडित नेहरूंचे आजोबा मुळात मुसलमान होते, त्यांनी नाव बदललं, असा एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. खरं असं की गंगाधर नेहरू हे काश्मिरी पंडित. १८५७ च्या आधी ते दिल्लीचे कोतवाल होते, धामधुमीत कुटुंब आग्र्याला गेलं, १८६१ मध्ये ते वारले आणि त्यांच्यामागे मोतीलाल जन्मले. हा संदेश पाठवणारे तो शिवीसारखा पाठवतात. पण आम्ही तो आपल्याही लोकांच्या ग्रुपवर पाहिला आहे, "बघा, आपलेच निघाले" अशा अभिमानाने. आपल्याविरुद्धची अफवा आली की आपण पुरावा मागतो. आपल्याला मोठं करणारी अफवा आली की अंगठा आपोआप पुढे ढकलायला जातो. मग आपल्याला पुरावा मागण्याचा हक्क कसा उरेल? खबर आली की आधी तपासा, नाहीतर अजाणता कुणाचं नुकसान करून पस्तावाल, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे गोड खबरीला सूट दिलेली नाही. आणि स्वतःच्या बापजाद्यांच्या जागी दुसऱ्याचं नाव लावणं हे तर आपल्या दीनमध्ये साधं पाप मानलेलं नाही.

हे सगळं बोलणं मागच्या खोलीतून मुलाची दादी ऐकत होती. ती बाहेर आली, पदर सावरला आणि म्हणाली, "हम तो बुनकर लोग हैं मास्टरजी, शहजादे कहाँ के?"

आम्ही म्हटलं, "दादी, तुम्हीच सांगा मग."

तिने सांगितलं. तिच्या सासऱ्यांचे दादा उत्तरेतून, मऊकडून आले. गदर होऊन गेला होता, माग बंद पडले होते, गावात राहवत नव्हतं. बायको, दोन मुलं आणि मागाचं थोडं सामान घेऊन आग्रा रस्त्याने महिनोन्महिने चालत ते मालेगावला पोहोचले. एक मूल वाटेत गेलं. पुढे त्यातला एक भाऊ येवल्याला आला आणि लोकांच्या मागावर रोजाने विणू लागला. तिच्या सासऱ्यांनी पहिला स्वतःचा माग घेतला तेव्हा घरात जर्दा शिजला होता. एवढं तिला ठाऊक होतं. ती बोलत होती आणि नातू तोंड उघडं टाकून ऐकत होता. हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

१८५७ नंतर उत्तरेतल्या विणकर कुटुंबांनी मालेगाव, येवला, धुळे, भिवंडी गाठलं हा इतिहास आहे. 'तुमचे लोक तेव्हा कुठं होते' याचं उत्तर त्या म्हातारीच्या तोंडात होतं. ते तेव्हा रस्त्यावर होते, पोरं कडेवर घेऊन, आणि ज्या गावाने जागा दिली त्या गावाचं कापड त्यांनी विणलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आणखी एक नाव फळ्यावर लिहिलं, भागोजी नाईक. आपल्या शेजारच्या सिन्नर भागात त्यांनी भिल्लांना घेऊन इंग्रजांना दोन वर्षं झुंजवलं आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरेच्या लढाईत ते मारले गेले. मुलांना विचारलं, भागोजींबरोबर पडलेल्या भिल्लांचे आम्ही गुप्त वारस आहोत, असं म्हणणारा कुणी ऐकलाय का? कुणीच ऐकला नव्हता. गुप्त वारस नेहमी शहजाद्याचे आणि राजाचेच असतात, प्यादा कुणालाच पूर्वज म्हणून नको असतो. मग विचारलं, न्यायमूर्ती रानडे कुठं जन्मले? सगळा वर्ग ओरडला, "निफाड!" १८ जानेवारी १८४२. या वर्गातला एकही मुलगा त्यांच्या घराण्यातला नाही, तरी सगळ्यांना ते आपले वाटतात. तात्याही तसेच आपले आणि फिरोजशहाही. त्यासाठी रक्ताचा दाखला कशाला?

वाचकांना एक विनंती. घरात दादी, नानी, एखादे थकलेले चाचा असतील तर या महिन्यात वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या दादांचं नाव काय, गाव कोणतं, धंदा काय, कोण कुठून कसं आलं, ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. मग जुने कागद काढा. निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जन्म-मृत्यूची नोंद. जे कागदावर आहे ते एका शाईने लिहा, जे फक्त ऐकलेलं आहे ते दुसऱ्या शाईने. जे माहीत नाही तिथे जागा कोरी सोडा, कुणाला तीन हजार देऊन ती भरून घेऊ नका.

त्या घराचे तीन हजार परत आले नाहीत. तो गृहस्थ फोन उचलत नाही. पाच हजार मात्र वाचले. आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर त्या मुलाने आमच्या हातात दुरेघी वहीचं एक पान दिलं. त्याच्यावर सात नावं होती, चार निळ्या शाईत आणि तीन लाल. सर्वांत वर मऊहून चालत आलेल्या त्या विणकराची जागा त्याने कोरी सोडली होती. दादीला नाव आठवत नाही म्हणाला. मालेगावला तिची बहीण असते, बकरी ईदला जाईन तेव्हा तिला विचारतो.