कारल्याचा रस आणि शुगरची गोळी

शेजारच्या खालांनी शुगरची गोळी बंद केली आणि सकाळी उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस सुरू केला. "कारल्यात इन्सुलिनच असतं," असं कुणीतरी सांगितलेलं. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना, तपासलं तर उपाशीपोटी साखर २८०. डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मग कारल्यातलं ते औषध खोटंच का गं?"

खोटं नाही, खाला. कारल्याच्या फळात चॅरँटिन नावाचं द्रव्य असतं. दोन वनस्पती-स्टेरॉल, प्रत्येकाला ग्लुकोजचा एक कण चिकटलेला, असं ते मिश्रण. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने रक्तातली साखर उतरते. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे रस गाळून चोथा फेकला, तर चॅरँटिनही बरंचसं चोथ्याबरोबरच जात असणार! आणि कडूपणा त्याचा नव्हेच, तो मोमॉर्डिसिनसारख्या दुसऱ्या द्रव्यांचा. तेव्हा मीठ लावून कारली पिळणाऱ्या सुनेला "सगळा गुण घालवलास" म्हणून बोलू नये.

इन्सुलिनसारखं एक प्रथिनही कारल्यात सापडलं आहे. पण पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं तेही पचून जातं. इन्सुलिन सुईनेच का घ्यावं लागतं, त्याचं कारण हेच.

माणसांवर काय दिसलं? थायलंडमधल्या चाचणीत (२०११) कारल्याची सुकी पूड रोज २ ग्रॅम, अशी चार आठवडे दिली. थोडा फरक पडला, पण १ ग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी. २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात चार चाचण्या, ४७९ रुग्ण तपासले. मधुमेहावर कारलं द्यावं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

उलटा धोकाही आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना वर रोज रस घेतला तर साखर फार खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. सहरीला रस पिऊन दिवसभर रोजा ठेवणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावंच. गरोदरपणी रस आणि पूड नको. बियांत व्हिसिन असतं, म्हणून घरात कुणाला जी-६-पीडीची कमतरता असेल तर त्यांनी बिया टाळाव्यात.

भाजी म्हणून मात्र कारलं खुशाल खा. खालांकडे काल खिमा भरलेली कारली होती. मला डबा आला, आणि गोळी घेतल्याचा निरोपही.