मुली पैशावर भाळतात काय?

शिरूरच्या बाजारपेठेत, दौंडच्या फलाटावर, इतकेच नव्हे तर पक्षाच्या सभा आटोपल्यावर चहाच्या टपरीवरही हल्ली एकच तक्रार ऐकू येते : आजच्या मुलींना प्रेम नको, पॅकेज हवे, शेतकऱ्याचा मुलगा नको, पुण्यात फ्लॅट असलेला हवा. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा अनेकांना हसू आले. वस्तुतः त्या तरुणांनी गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी करून मूळ दुखण्यावरच बोट ठेवले होते. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 913. 2011 साली त्या 894 वर आल्या. मुली गर्भातच खुडायच्या आणि उरलेल्यांनी निवड केली की त्यांना लोभी म्हणायचे, हा न्याय अजब आहे.

मुलीवर धनलोभाचा आरोप करणाऱ्याने आधी एवढे सांगावे की, तिच्यापाशी स्वतःचे असे काय आहे? महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. तो कागदावर राहिला. रांजणगाव-कारेगाव भागात कारखानदारी आली, जमिनीला भाव आला, आणि भाव येताच भावाला बहीण आठवली! तिला सासरहून बोलावून घ्यायचे, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि साडीचोळी करून परत पाठवायचे. सही नाकारली तर माहेर तुटते. भाऊबीजेचे ताट आणि हे हक्कसोडपत्र एकाच घरात सुखाने नांदतात. तेथे प्रेम की पैसा, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. जिला बापाच्या शेतात गुंठाभर जागा नाही, तिने नवऱ्याच्या मिळकतीची चौकशी करायची नाही तर कोणी करायची?

मुलाचीही दशा वेगळी नाही. कायम कामगार आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा कामगार एकाच यंत्रापाशी उभे राहतात. स्थळे मात्र पहिल्यालाच येतात. दुसऱ्याच्या प्रेमात खोट नसते, त्याच्या नोकरीला भरवसा नसतो. हा भरवसा मालकाने काढून घेतला, मुलीने नव्हे.

प्रेमविवाह हाच यावरचा उतारा, असे काही भाबडे मित्र म्हणतात. 2025 साली याच पुणे जिल्ह्यात एका प्रेमविवाहितेच्या मृत्यूनंतर सासरच्यांवर हुंड्यासाठी छळ केल्याचा आरोप झाला. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा आहे!

तेव्हा मुलींना उपदेश करण्याआधी पक्षाने आपल्या घरात डोकावावे. किती कार्यकर्त्यांनी बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहू दिले आणि किती जणांनी तिची सही घेतली, याची यादी शिरूर व दौंड तालुका शाखांनी पुढील बैठकीपूर्वी तयार करावी, आणि ती पदाधिकाऱ्यांपासून सुरू करावी.